जस्ताच्या खालचं घर

कारखान्याच्या साहेबांनो, तुम्ही या माणसाला फसवलंत. काल दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे खिळ्यांना कॅडमियमचा मुलामा देणारा तुमचा कामगार आणि त्याची शाळकरी मुलगी बसले होते. मुलीच्या मांडीवर मूलद्रव्यांचा तक्ता होता.

"बाबा, हे जस्त. त्याच्या बरोबर खाली कॅडमियम."

"इमारतच की गं ही! प्रत्येकाला आपली खोली."

"वरखाली राहणाऱ्यांचे स्वभाव जुळतात."

"साहेब तेच म्हणाले. जस्ताचाच भाऊ आहे, मास्क कशाला हवा?"

"जुळतात म्हणूनच तर शरीर फसतं, बाबा. जस्त समजून त्याला आत घेतं आणि मूत्रपिंडात ठेवतं."

"दार उघडून, या बसा म्हणून?"

"हो."

"मग पाहुणा जाणार कधी?"

"वीस-तीस वर्षं जात नाही."

"चमकायचं मात्र सुरेख. हौदातून खिळे वर काढले, की वाटायचं, चांदणंच निथळतंय. अजून स्वप्नात निथळतं."

"बाबा, झोपू नका ना. आता आपलाच नंबर आहे."

साहेब, जो तक्ता या पोरीला वाचता येतो, तो तुम्हाला येत नव्हता, की वाचूनही तुम्ही गप्प बसलात? उत्तर द्या.