आगे बावीस, पीछे सव्वीस

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय कमलिनीताई, नागरी विभागातून निवृत्त झालेले आणि एवढ्या उन्हात मिसरोदहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे श्री. गोपीनाथराव, सत्कारमूर्ती श्री. नीळकंठराव उकिडवे आणि सौ. वसुधावहिनी, समोर बसलेले वडीलधारे, भगिनी आणि बंधू, दारापाशी उभी राहून समोशांच्या टोपलीवर लक्ष ठेवणारी तरुण मंडळी, आणि शेवटच्या रांगेत पंख्याखालची खुर्ची पटकावलेले, टाउनशिपच्या फाटकाबाहेरचे हवावाले शकूर मियाँ. आपणा सर्वांना मनोहर लांजेवारचा नमस्कार.

ताईंनी मला सात मिनिटं दिली आहेत आणि टेबलावर घंटी ठेवली आहे. ताई, आज ती घंटी जरा लांब सरकवून ठेवा, ही विनंती. कारण मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगायला मला अकरा वर्षं लागली आहेत.

माझ्या आधी चार वक्ते बोलले. नीळकंठराव करारी आहेत, वक्तशीर आहेत, कर्तव्यदक्ष आहेत. सगळं खरं आहे. पण हेच शब्द गेल्या महिन्यात आपण रवींद्ररावांच्या निरोपालाही वापरले होते, आणि शालही त्याच दुकानातली आहे. नीळकंठराव कोण आहेत ते मला विचारा. चोवीस वर्षं आमच्या दोन क्वार्टरांना मिळून एक भिंत आहे. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की आमच्याकडे शालिनी गॅस बंद करते.

नीळकंठराव कारखान्यात तपासणी विभागात होते. एक सूत इकडे-तिकडे झालं की माल परत. ही नजर घेऊन माणूस घरी आला, तर घरात तपासायला काय मिळणार? वहिनींच्या पोळ्या त्यांनी लग्नानंतर एकदाच तपासल्या, पुन्हा हिंमत केली नाही. मग राहिली गाडी. अठ्ठ्याहत्तर सालची फियाट, रंग मूळचा पांढरा. आपल्यापैकी असा कोण आहे, ज्याला या गाडीशेजारी उभं करून टायरवर प्रवचन ऐकवलं गेलेलं नाही? हात वर करा. बघा, एकही नाही. ताई, तुम्हीसुद्धा नाही.

ते प्रवचन आपल्याला पाठ आहे. टायरच्या कडेला जो आकडा छापलेला असतो, तो टायर जास्तीत जास्त किती हवा सोसेल त्याचा असतो, आपण किती भरायची त्याचा नव्हे. आपण भरायची ती गाडीच्या पुस्तकात लिहिलेली. मोजायची सकाळी, गाडी थंड असताना, कारण चालून आली की हवा तापते आणि काटा खोटं बोलतो. रेडियल टायर भरलेला असला तरी थोडा बसकाच दिसतो, तेव्हा डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही. हवा कमी राहिली तर टायर दोन्ही कडांनी झिजतो, जास्त झाली तर मधोमध. आणि शेवटी ते मंत्रासारखं वाक्य, पुढे बावीस, मागे सव्वीस.

आता अकरा वर्षांपूर्वी काय झालं ते ऐका. एकाच महिन्यात दोन संकटं आली. पहिलं असं की नीळकंठरावांची कंबर धरली आणि डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. आडनाव उकिडवे, आणि उकिडवं बसायला बंदी. त्यावर तेव्हा सगळी टाउनशिप हसली, मीही हसलो, पण त्यांचं काय झालं असेल हे कोणी मनात आणलं नाही. तोवर ते स्वतः पायपंपाने हवा भरत आणि स्वतः मोजत.

दुसरं संकट म्हणजे जुन्या मापाचे टायर बाजारातून नाहीसे झाले. टी. टी. नगरला गेलो आम्ही दोघं. दुकानदार म्हणाला, "साहब, वो पतले वाले अब कौन बनाता है? ये चौड़ा डाल दो. चौदह की रिंग है, चौदह का टायर है, और क्या चाहिए?" नीळकंठराव नको म्हणत होते. पण मी, स्टोअरमध्ये पंचवीस वर्षं नटबोल्ट मोजलेला तज्ज्ञ, मी म्हणालो, "घ्या हो नीळकंठराव, बसतोय तर काय बिघडतं? रुबाब दिसेल." झालं. टायर बसला. पण बसणं वेगळं आणि नांदणं वेगळं. या गाडीचा डावा मडगार्ड पूर्वी कधीतरी फाटकाला लागून आत गेलेला. डावीकडे पूर्ण वळवलं की टायर त्याला घासायचा आणि असा आवाज यायचा की रस्त्यावरची माणसं आपापल्या पायांकडे बघायची.

मग काय करावं? नवे टायर फेकवत नव्हते. दोन महिने नीळकंठरावांनी गाडी फक्त उजवीकडे वळवली. मंडळी, टाउनशिपमधून फक्त उजवीकडे वळत भाजीबाजार गाठून बघा कधी. वहिनींना कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी अर्धं भोपाळ दाखवून झालं. शेवटी एक दिवस शिवाजी नगरात त्या गाडीतून उतरल्या आणि म्हणाल्या, "मी रिक्षाने जाते, तुम्ही या मागाहून, वळत वळत." त्याच संध्याकाळी चौड्या टायरांचं विसर्जन झालं. नीळकंठरावांनी जुनं माप कागदावर मांडलं, नव्या टायरची उंची त्याच्याशी ताडून बघितली, रुंदी रिंगला शोभेल अशी धरली, आणि पुरते तीन आठवडे थांबून अरुंद रेडियल मागवले. ते अगदी बरोबर बसले. मला मात्र ते एका शब्दाने बोलले नाहीत. उलट म्हणाले, "लांजेवार, वाकायची मला बंदी आहे. हवा शकूर मियाँ भरतील. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजायची तुम्ही. तुमच्याशिवाय कोणावर सोडणार?"

हेच ते. इथून पुढे माझी खरी गोष्ट आहे. गोपीनाथराव, पाणी सरकवता का जरा?

दर पहिल्या रविवारी सकाळी नीळकंठराव व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत आणि मी त्यांचं गेज घेऊन चाकापाशी. ते विचारायचे, "किती?" मी सांगायचो. पुढची दोन्ही चाकं मी खरोखर मोजायचो. बावीस. पुन्हा बावीस. मग मागे जायचं. मागे मेंदीचं कुंपण, चाकावर ऊन, माझं हे पोट, आणि नेमक्या त्या वेळी वहिनींच्या थालीपिठाचा वास. तिकडून आवाज यायचा, "किती?" आणि मी उभ्या उभ्या सांगायचो, "सव्वीस."

नीळकंठराव, आत्ता उठू नका. सत्कारमूर्तीने मधेच उठू नये असा प्रघात आहे. म्हणून तर मी हे माईकवरून सांगतोय.

एका रविवारी मात्र थालीपीठ लागायला वेळ होता, म्हणून मी मागचं चाक मोजलं. वीसच्या किंचित पुढे. मला वाटलं, गेज बिघडलं. दुसरं मोजलं. तेवढंच. इतक्यात आवाज आला, "किती?" आता तुम्हीच सांगा, त्याआधी दोन वर्षं सव्वीस सांगितल्यावर त्या दिवशी वीस कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणालो, सव्वीस. आणि एकदा चढलेला माणूस खाली कसा उतरणार? मी वरच बसलो.

आणि परिणाम? टायर झिजायला लागले, दोन्ही कडांनी. नीळकंठराव चक्रावले. हवा तर बरोबर आहे, लांजेवार स्वतः मोजतात. मग दोष कोणाचा? रस्त्याचा. त्यांनी नागरी विभागाला सतरा पत्रं लिहिली. गोपीनाथराव, तुम्ही आमच्या क्वार्टरसमोरचा रस्ता दोनदा उकरून नवा केलात, आठवतं? तो रस्ता चांगला होता हो. उगाच तुम्हाला त्रास.

तुम्ही म्हणाल, मनोहरराव, झालं ते झालं, आता कशाला उकरता? मंडळी, उद्या सकाळी सहाला ती गाडी नागपूरला निघते आहे. पुण्याचा माणूस मुलीजवळ राहायला नागपूरला चाललाय आणि नागपूरचा मी इथेच. तेही असू द्या. पण गाडीत कोण-कोण? पुढे नीळकंठराव आणि वहिनी. मागे वहिनींचा पाटा-वरवंटा, कारण तो ट्रकवाल्याच्या हाती द्यायचा नाही. कैरीच्या लोणच्याच्या दोन बरण्या. लोखंडी ट्रंक. शिलाई मशीन. मे महिना, बरेठ्याचा घाट, साडेतीनशे किलोमीटर, आणि एवढ्या वजनाखाली मागे वीस. अशा हवेवर टायर तापतो आणि तापला की फुटतो, हे मला कोणी शिकवलं? त्यांनीच. मंगळवारपासून माझा डोळ्याला डोळा नाही. शालिनीने विचारलं, "पित्त झालंय का?" मी हो म्हणालो.

मंगळवारीच मी शकूर मियाँकडे गेलो. विचारलं, "मियाँ, उकिडवे साहब की गाड़ी में पीछे कितनी भरते हो?" मियाँ छाती काढून म्हणाले, "सवा बीस." मी म्हटलं, "सवा बीस?" म्हणाले, "अरे खाँ, पूरे भोपाल में एक ही साहब हैं जो हवा में भी चवन्नी नहीं छोड़ते. बाकी लोग बोलते हैं, ठोक दो बीस-पच्चीस. साहब ग्यारह साल से एक ही बात बोलते हैं, आगे बावीस, पीछे सवा बीस. वो सवा लाने में कितना टाइम लगता है, आपको पता है?"

आलं लक्षात? नीळकंठराव मियाँशी हिंदी बोलतात, पण आकडे मराठीतच मोजतात. बावीसचं बाईस मियाँना कळलं. सव्वीस त्यांना कळलं नाही, आणि ऐकू आलं सवा बीस. अकरा वर्षं त्या बिचाऱ्याने डोळ्यात तेल घालून, काट्याला नाक लावून, सव्वा वीस भरली. एका हिंदी कानाने आणि एका मराठी जिभेने मिळून केलेली चूक, आणि ती पकडायला ठेवलेला माणूस थालीपीठ खात होता.

मी म्हटलं, मियाँ, सहा वाढवून टाका गुपचूप. मियाँ म्हणाले, "नहीं साहब. गाड़ी उनकी, हवा उनकी. उनके मुँह से सुनूँगा तो भरूँगा." पटलं मला. मग मी दोनदा नीळकंठरावांकडे सांगायला गेलो. पहिल्यांदा ते ट्रंकेवर बसले होते, कुलूप लागत नव्हतं म्हणून. मला बघून म्हणाले, "लांजेवार, नागपूरला सगळं मिळेल हो, पण तुमच्यासारखा मोजणारा कुठे मिळणार?" मी परत आलो. दुसऱ्यांदा वहिनींनी थालीपीठ पुढे केलं. ते मी खाल्लं, खोटं कशाला बोलू, आणि पुन्हा परत आलो.

नीळकंठराव, माझी लाज वाटते मला. तुम्हाला वाकता येत नव्हतं म्हणून तुम्ही मला वाकायला सांगितलंत, आणि मी वाकलो नाही. एवढंच आहे ते. आता तुम्हाला काय बोलायचं ते बोला. पण त्याआधी एक उपकार करा. शकूर मियाँ समोर बसलेत. आयुष्यात एकदा, एकच आकडा, हिंदीत बोला.

ताई, घंटी नको. ते उठतायत, उठू द्या त्यांना.

ऐकलंत मंडळी? "शकूर मियाँ, आगे बाईस, पीछे छब्बीस." बसा हो, थांबवा टाळ्या, मियाँ काहीतरी विचारतायत मागून. काय म्हणता मियाँ? "साहब, वो चवन्नी का क्या करूँ?"

ती पाव हवा इथेच राहू द्या, मियाँ. उद्यापासून आम्हाला लागेल ती. पहिल्या रविवारी भिंतीपलीकडून कोणी "किती" म्हणून विचारणार नाही, तेव्हा मी कोणाला काय सांगणार आहे?

नीळकंठराव, तुम्ही हसताय की रागावलाय, ते मला या चष्म्यातून नीट दिसत नाही. वहिनी मान हलवतायत, म्हणजे थालीपीठ बंद. चालेल. उद्या पहाटे मियाँ दुकान लवकर उघडणार आहेत. त्यानंतर गाडी थंड होऊ द्या आणि मला हाक मारा. मी चारही चाकांपाशी वाकेन, मागच्या दोघांपाशी आधी. तुम्ही व्हरांड्यात उभे राहून विचारा, आणि काटा जे दाखवेल तेच मी सांगेन.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, ताईंनी घंटी वाजवली नाही, गोपीनाथरावांनी त्या रस्त्याबद्दल अजून माझी गचांडी धरली नाही, आणि तुम्ही सर्वांनी समोसे निवत असताना शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. भाषणाच्या शेवटी वक्ते म्हणतात, काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा असावी. जास्त काही नव्हतं, नीळकंठराव. कमी होतं. पावणेसहा. तेवढं पोटात घाला.