एकुलती प्रजा

बाबा: फ्रिजवर नाही, कपाटात नाही, माझ्या बॅगेत नाही. आता या किल्ल्याखाली बघायचं तेवढं राहिलंय. उचलू का बुरूज?

आई: उचलू नकोस, डिंक ओला आहे. कालच चिकटवलाय आम्ही.

बाबा: एक वाजता शाळेचं ऑफिस बंद होतं. आज अर्ज द्यायचा शेवटचा दिवस. आणि तुला डिंकाची पडलीये.

आई: शोधतेच आहे की मी. तू पुठ्ठे तुडवलेस म्हणजे काय अर्ज सापडणार आहे?

बाबा: किती वाजले? अगं, भिंतीवरचं घड्याळ कुठे गेलं?

आई: काढून ठेवलंय. या आठवड्यात आम्ही मेणबत्तीवर वेळ मोजतोय. राजेरजवाड्यांच्या काळात घरोघरी घड्याळं कुठली? मेणबत्तीला खुणा केल्यात. एक खूण वितळली की एक तास झाला.

बाबा: बरं, मग मेणबत्तीप्रमाणे किती वाजलेत?

आई: ती विझलीये मघाशी. वारा आला असेल.

बाबा: छान. म्हणजे राज्यात वेळच थांबलीये. माझ्या फोनवर मात्र अकरा चाळीस झालेत. तिकडे सात मजल्यांची लिफ्ट बंद पडलीये, मालकाचे तीन फोन येऊन गेले, आणि लिफ्टवाला इथे घोड्याच्या खोगिरात अर्ज शोधतोय.

आई: ते खोगीर नाही, उशी आहे. तू जा ना कामावर. सापडला की मी देते नेऊन.

बाबा: हे तू सोमवारीपण म्हणाली होतीस.

आई: म्हणजे?

बाबा: म्हणजे काही नाही.

आई: नाही, बोलून टाक. अर्धवट बोललास की मला दिवसभर सुचत नाही काही.

बाबा: रांगेत उभं राहून अर्ज मी आणला. सोमवारी आपण दोघांनी बसून भरला, याच टेबलावर. फोटो चिकटवला. सही तेवढी तू म्हणालीस, नंतर करते आणि मीच नेऊन देते. मंगळवारी तुझं डोकं दुखत होतं. बुधवारी राज्याभिषेक होता, गॅलरीतल्या कुंड्यांना झालरी लावल्या होत्या. काल तुम्हाला पुठ्ठ्याचा माग लावून कापड विणायचं होतं. आणि आज अर्जच नाही. आता मी काय समजू?

आई: मी लपवला, असं म्हणायचंय तुला.

बाबा: मी नाही म्हटलं. तू म्हणालीस.

आई: ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय नाही मला. शाळा नको असती तर तोंडावर सांगितलं असतं.

बाबा: मग सांग तोंडावर. हवीये का शाळा?

आई: तू विसरलास. पहिलीत गणवेश अंगावर चढवला की पोरीच्या पोटात दुखायचं. दारापर्यंत जाऊन उलटी. वर्गात पंचावन्न मुलं आणि एक बाई. सहा महिन्यांत एकदा हात वर केला नाही तिने. म्हणून तर शाळेतून काढून घरी शिकवायला लागले मी. तीच मुलगी आता सिंहासनावर बसून निवाडे देते, मोठ्या आवाजात. परवा मला दोन दिवस तुरुंगात टाकलं, कर बुडवला म्हणून. मी गॅलरीत पिकवलेल्या वाटाण्यातले अर्धे राजाला द्यायचे होते, मी चारच दिले.

बाबा: दरबारात कोण कोण असतं?

आई: मी असते.

बाबा: अजून?

आई: उशा असतात. तू असतोस रविवारी.

बाबा: रविवारी मी चोर असतो. दर रविवारी चोरच. दोन वर्षांत मला साधं हवालदार नाही केलं कोणी.

आई: तुझी दाढी वाढलेली असते म्हणून.

बाबा: हसण्यावारी नेऊ नकोस. मी तुझ्या शिकवण्याला कधी नावं ठेवली का? ज्या दिवशी तिने काजळी खलून शाई केली ना, त्या दिवशी मी कामावर सगळ्यांना सांगत सुटलो होतो. माझा भरलेला शर्टसुद्धा दाखवला त्यांना. पण आता ती साडेनऊची झाली. तू एक तारखेपासून परत कामावर जाणार. हे सगळं आपण दोघांनी बसून ठरवलंय, मी एकट्याने नाही.

आई: ठरवलंय. माहितीये मला.

बाबा: मग घोडं कुठे पेंड खातंय?

आई: तिला कोणी विचारलं का? आपण आपलं ठरवून मोकळे झालो. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. नुसती मान हलवली आणि मागावर विणायला बसली. मला तीच मान आठवते, पहिलीतली.

बाबा: चल, मग आत्ता विचारू. ठकू, इकडे ये गं.

ठकू: आज मी ठकू नाहीये. आज मी लेखनिक आहे. सकाळी कामाची चिठ्ठी काढली, त्यात तेच आलं.

बाबा: बरं, लेखनिकबाई. आमचा एक कागद हरवलाय. चार पानी. वर शाळेचं नाव, कोपऱ्यात तुझा फोटो.

ठकू: हरवला नाहीये. वाळतोय.

आई: वाळतोय?

ठकू: बाथरूममध्ये, दोरीवर. चिमटे लावलेत. काल दुपारी भिजवला होता, तू झोपलीस तेव्हा.

आई: चहाच्या पाण्यात?

ठकू: हो. तू शिकवलंस तसाच. चार चमचे पूड, गार झाल्यावर दहा मिनिटं. फोटोला थेंब लागू दिला नाही, तेवढा कोपरा हातात धरून ठेवला होता.

बाबा: आण. पळत जा आणि आण. देवा. हे काय आहे? हा शाळेचा अर्ज आहे की चारशे वर्षं माळ्यावर पडलेली पोथी? आणि कडा? कडा जाळल्यास?

ठकू: नाही बाबा, जाळायला आई शेजारी असायला लागते. नुसत्या फाडल्यात. आणि खाली मोहर आहे. त्यासाठी मेण घेतलं.

आई: म्हणजे वारा नव्हता. पेटती मेणबत्ती एकटीने उचलायची नाही, हे किती वेळा सांगितलंय तुला?

ठकू: फुंकर मारली आणि मग ओतलं. लगेच ओतलं की पडतं.

बाबा: घ्या. ही तुमची प्रात्यक्षिकं. करून बघा, हाताने करून बघा. पुस्तकात चित्र बघून भागलं असतं, पण नाही. आता शाळेत काय देऊ मी, हा तपकिरी पापड? आणि तू हसतेयस.

आई: मी नाही हसत.

बाबा: हसलीस. मी बघितलं.

आई: हो, हसले. बरं वाटलं मला. तिलाही जायचं नाही म्हणून तिने अर्ज बुडवला, असं वाटलं आणि बरं वाटलं. झालं समाधान?

ठकू: मला जायचंय.

आई: काय?

ठकू: शाळेत. मला जायचंय.

आई: मग हे कशाला केलंस, बाळा? खराब केलास ना अर्ज.

ठकू: खराब कुठे, चांगला केला. तूच म्हणालीस, दरबारात रोज शंभर अर्ज येतात, साध्या कागदाकडे कोणी बघत नाही. फार महत्त्वाचं असलं की जाड जुना कागद, टाकाने लिहायचं आणि खाली मोहर. बाबाने तर हा निळ्या पेनने भरला होता.

बाबा: थांब. ही शेवटची चौकट आपण कोरी सोडली होती. ‘प्रवेश का हवा आहे.’ इथे काहीतरी लिहिलंय.

ठकू: ते आईने वाचायचं नाहीये.

आई: वाच.

बाबा: ती नको म्हणतेय.

आई: वाच म्हटलं ना. मोठ्याने.

बाबा: ‘मुख्याध्यापक महाराज यांस. मला आपल्या शाळेत घ्यावे ही विनंती. माझी आई फार छान शिकवते, तिचा यात काही दोष नाही. पण आमच्या राज्यात मी एकटीच प्रजा आहे. मी शेतकरी झाले की लोहार कोणी नसतो. लोहार झाले तर शेत ओस पडते. मला भांडायलाही कोणी नाही, कारण आई लगेच तह करते. आपल्याकडे पुष्कळ मुले आहेत असे कळते. मला त्यातली एक-दोन चालतील. हे आईला सांगू नये.’

आई: पुढे?

बाबा: संपलं. खाली मोहर आहे.

आई: मला का नाही सांगितलंस गं?

ठकू: तू पुढच्या वर्षीची यादी केलीस ना. जहाजं, खलाशी, नकाशे. प्रत्येक महिन्याला वेगळा रंग. फ्रिजवर लावलीस. मग कसं सांगणार?

आई: ती यादी मी अर्ज भरल्यावर केली. सोमवारी रात्रीच. बघितलंस ना रे, मी अशी आहे.

बाबा: जाऊ दे आता.

आई: नाही, जाऊ कसं दे? मी तिच्यासाठी घरी राहिले, असंच सांगत होते सगळ्यांना. ठकू, पोटात दुखेल का परत?

ठकू: थोडं दुखेल. पहिल्या दिवशी.

आई: आणि मग?

ठकू: मग डबा खायची सुट्टी होईल.

आई: किती वाजले?

बाबा: बारा पाच. मालकाचा परत फोन येतोय.

आई: पेन दे. सही राहिलीये माझी. तू जा लिफ्टकडे, लोक जिने चढून दमले असतील. आम्ही दोघी जातो.

बाबा: मी येतो ना. तिथे वाद होणार, असा कागद कोण घेईल?

आई: वाद झाला तर घालते मी. मलाच जाऊ दे. आठवडाभर टंगळमंगळ मी केली, तू नाही.

(शाळेच्या कार्यालयाची खिडकी. एक वाजायला दहा मिनिटं कमी.)

कारकूनबाई: हे काय आणलंत, ताई? चहा सांडला की काय?

आई: सांडला नाही. बुडवलाय.

कारकूनबाई: मुद्दाम?

ठकू: मीच बुडवला. आईला माहीत नव्हतं.

कारकूनबाई: आणि हे लाल काय आहे?

ठकू: मोहर. म्हणजे अर्ज खरा आहे, मधे कोणी काही बदललं नाही.

कारकूनबाई: अगं राणी, मोहर काय आणि काय. असला कागद मला फाइलला लावता येत नाही. परत नवीन भरून आणा.

आई: नवीन द्या, इथेच भरते.

कारकूनबाई: कालच संपले. आणि आता एक वाजत आला.

आई: मग हाच घ्या. अक्षर वाचता येतंय. फोटो जागेवर आहे, सही आहे, तारीख आहे. नक्की काय कमी आहे ते सांगा, मी पुरं करते. रंगाबद्दल कुठे नियम लिहिला असेल तर दाखवा.

कारकूनबाई: नियम नाही हो लिहिलेला. असलं काही कोणी करेल असं वाटलं नव्हतं कोणाला.

आई: मग ती शेवटची चौकट तेवढी वाचा. नंतर नको म्हणालात तर जाईन मी.

कारकूनबाई: बघू. ‘मुख्याध्यापक महाराज’... हं. हं. हे हिने स्वतः लिहिलं?

आई: स्वतः.

कारकूनबाई: शेवटी लिहिलंय, आईला सांगू नये.

आई: मला कळलंय ते.

कारकूनबाई: ठेवा इथे. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून लावते फाइलला, नाहीतर बाकीच्यांना रंग लागायचा. पण पहिलीनंतर ही कुठे होती? मधल्या वर्षांचा दाखला लागेल.

आई: घरीच होती. मी शिकवत होते.

कारकूनबाई: मग दाखला तुम्हीच द्या. हा घ्या छापील कागद, उभ्या उभ्या भरा. मला कुलूप लावायचंय.

आई: शिक्षकाचं नाव, लिहिलं. विषय... एवढ्याशा जागेत कसे मावतील? बरं, लिहिले. प्रगती.

ठकू: चांगली लिही. भागाकार सोडून.

आई: भागाकारासकट चांगली. तिथे मीच घाई केली होती.

कारकूनबाई: वर्तणूक राहिली.

आई: कोणाची?

कारकूनबाई: मुलीची हो.

आई: उत्तम.

कारकूनबाई: आता शेवटची ओळ. शाळा सोडण्याचं कारण. तिथे सगळे ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहितात. तेच लिहा आणि द्या इकडे.

आई: तसं नाही झालं. मी ‘मुलीच्या विनंतीवरून’ असं लिहिते.