नमस्कार करून दाखवा

माहेर माझं नांदगावकडचं, सासर मखमलाबादला, मळ्यात निशिगंध आन् झेंडू. लग्न झालं तशी पंचवटीत हार बांधायला बसले ती बसलेच, आन् काय सांगू तुम्हाला, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता हार व्हायचा, हाताकडं बघावं लागायचं नाय. शेजारी धाकटी जाऊ सुमन, तिची गाठ ढिली, दुपारपर्यंत फुलं गळायची, तो राग तिला.

मग मला झटका आला, डोक्याच्या डाव्या बाजूला. उजवा हात लुळा पडला तो सगळ्यांना दिसला, पण डावाही सगळं विसरला ते कोणाला पटंना. कंगवा दिला तर तोंडाकडं न्यायचे. डॉक्टर म्हणले, ताकद हाय हो, पण हालचाल कशी करायची ते सांगणारी जागा दुखावलीय, मुद्दाम करायला जमणार नाय, आपसूक होईल ते होईल. कोण ऐकतंय. सुमन म्हणली, डावा तर धडधाकट हाय की, काम नको म्हणून नाटकं. अख्ख्या भावकीपुढं म्हणली, आक्का, नमस्कार करून दाखवा बरं. माझा हात नुसता कानापाशी भिरभिरला, लोक हसले. आन् चैत्रात रामाचा रथ समोरून गेला तर तोच हात आपसूक नमस्काराला छातीशी गेला. सुमन म्हणली, बघा, चोर सापडला. झालं, माझी बसायची जागा तिनं घेतली आन् आमचे मालक तिलाच फुलं आणून द्यायला लागले.

मी पुन्यांदा शिकले. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं, डाव्यानं गाठ, रडत रडत, पण शिकले.

मोबाईल आले त्या सुमाराला सुमनलाच झटका आला. तिचा डोक्याच्या उजव्या बाजूला, म्हणून डावा हात गेला, आन् चांगला उजवाही करून दाखव म्हणलं की चुकायला लागला. मी परत डॉक्टरांना विचारलं, ते म्हणले, मेंदूची कुठलीही बाजू दुखावली तरी असं होऊ शकतं. मी तीच भावकी चहाला बोलावली. म्हणलं, सुमन, नमस्कार करून दाखव बरं. तिचा हात कानापाशी भिरभिरला. कोणी हसलं नाय. मी म्हणलं, नीट बघून घ्या, हे नाटक नाय, मला झालं होतं ते हेच. ती रडली, मी डोळे पुसायला पदर नाय दिला.

आता माझी जागा माझी हाय. तिला शेजारी बसवते, सकाळी पहिला गजरा तिच्याच केसात माळते, गाठ पक्की, रात्रीपर्यंत फूल गळत नाय. देव तिला लय आयुष्य देवो. माझी गाठ रोज बघू दे तिला.