पेडल अर्ध्यावर थांबलं

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी बाप आणि मुलगी बसले होते. त्यांची मोठी पिकअप गाडी तपासणीसाठी समोर जॅकवर चढवली होती.

"बाबा, मी उतारावरून गाडी आणताना डोळे का मिटले होते तुम्ही?"

"मिटले नव्हते. नव्या ब्रेकचा आवाज ऐकत होतो."

"आणि माझा दंड कशाला आवळला होता? बघा, बोटं उमटलीत."

"गेल्या वर्षी त्याच वळणावर पेडल पार तळाला गेलं होतं गं. गाडी मातीच्या ढिगात घातली म्हणून वाचलो. तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही."

"म्हणून तर ब्रेकच्या मोठ्या डिस्क बसवल्या. आज खडीनं गच्च भरली होती गाडी. डोळे उघडे होते ना, मग सांगा, पेडल कुठवर गेलं?"

"अर्ध्यावर. तिथंच थांबलं."

गाडीखालून मेकॅनिक म्हणाला, "ताई, सगळं ठणठणीत आहे. ब्रेकचे पॅड एकसारखे घासलेत, गळती कुठेच नाही. ब्रेक ऑइल मात्र वेळच्या वेळी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, मग ब्रेक नीट लागत नाही."

"ऐकलंत, बाबा?"

"ऐकलं. आधी आईला फोन कर. सकाळपासून घास उतरला नसेल तिच्या घशाखाली."

"केलाय. म्हणाली, 'उतरलात ना नीट? मग आता त्यांना म्हणावं, घरी माझ्या डोक्यावर बसणं पुरे, गाडी चालवा.'"

"असं म्हणाली?"

"अगदी असंच."

"मग दे ती किल्ली इकडे."

"नक्की? वाटेत उतार आहे, बाबा."

"माहितीये. तू शेजारी बस. आणि हे बघ, डोळे मिटायचे नाहीत."