मान वर, जिजाबाई

(भिवापूर. विठ्ठलाच्या देवळासमोरचं अंगण. चहूकडे वाळत घातलेली मिरची. माघातलं उतरतं ऊन.)

अरुंधती : आजी, पुन्हा वाकलात तुम्ही!

जिजाबाई : मंग? तू वाकली न् मी ताठ बसू?

अरुंधती : अहो, मी नमस्कार नाही करत आहे. हा कॅमेराच तसा आहे. भिंग पुढे आणि बघायची काच वर. मान खाली घातल्याशिवाय मला तुम्ही दिसतच नाही.

जिजाबाई : तेच म्हनून राहिली मी. मान खाली घातली म्हंजे वाकलीच.

केशवबुवा : अरुंधती, वादात हरलीस तू. जिजाबाईचा मुद्दा बिनतोड आहे.

अरुंधती : मामा, तुम्ही हसू नका. एक फोटो वाया गेला माझा.

केशवबुवा : हसू नको तर काय करू? वर्षभर आपण सोबत हिंडून राहिलो. मी कीर्तनाला, तू फोटोला. पवनीच्या घाटावरचा नावाडी वल्हं टाकून वाकला. उमरेडचा तो विणकर, मागावर बसल्या बसल्या वाकला, धागा तुटला बिचाऱ्याचा. ताठ मानेनं फोटो काढून घेतला तो एकट्या रामटेकच्या माकडांनी.

अरुंधती : आणि तेवढाच छापून आला! साप्ताहिकवाले म्हणाले, बाई, देवळं छान, घाट छान, माकडं तर फारच छान. आता माणसंही आणा.

जिजाबाई : माकडायले कोन कीर्तनात बसवलं? आमी बसतो ना. कोनी आपल्यापुढं वाकलं का आपनही वाकाचं, मंग तो सावकार असो का झाडूवाला. मायी सासू सांगून गेली मले. आता तुया डब्यासाठी मोडू काय?

अरुंधती : डबा नाही हो, कॅमेरा. रशियन आहे.

जिजाबाई : रशियाचा? न् पट्टा काहून असा तबल्याचा?

केशवबुवा : हं! पाहिलंस? जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. कॅमेरा सीताबर्डीवर जुना घेतला, एका गार्डसाहेबाचा. पट्टा तुटका होता. तर या बाईनं माझ्या तबलजीच्या पिशवीतून वादी पळवली. भर सप्ताहात तो बिचारा वादी शोधत होता आणि ही बाहेर देवळाचा कळस टिपत होती.

अरुंधती : परत दिली ना नवीन आणून! आणि मामा, त्या कळसाच्या फोटोची चौकट तुम्हीच करून घेतली. दिवाणखान्यात कोणी टांगली?

केशवबुवा : मी टांगली. कळस कोणी का टिपेना, कळसच असतो.

जिजाबाई : पोरी, मले एक सांग. मायी मिरची लाल येईन काय फोटोत?

अरुंधती : नाही आजी. काळी येईल.

जिजाबाई : भिवापूरची मिरची न् काळी! मंग काय पाहाचं त्याच्यात लोकायनं?

अरुंधती : तुम्हाला पाहायचं. तुमचं तोंड. बरं, आता असं करू. मी कॅमेरा डोक्यावर उलटा धरते आणि खालून काचेत बघते. म्हणजे वाकायचा प्रश्नच नाही. समोर बघा. माझ्याकडे. हं...

जिजाबाई : काय हाय वं वरतं?

अरुंधती : वर काही नाही! समोर बघा!

जिजाबाई : तू वरतं पाह्यते, बुवा वरतं पाह्यते, न् मी समोर पाहू? आभायातून इमान गेलं काय?

केशवबुवा : गेला हाही फोटो. आता हनुवटी येईल नुसती.

अरुंधती : येऊ द्या. रीळ संपलेलं नाही अजून. मी घेतल्याशिवाय जाणार नाही, मामा, आधीच सांगून ठेवते. एसटी गेली तर रात्री देवळात झोपीन.

केशवबुवा : काचेत न बघताच दाब ना मग. अंतर मोजून घे, तिच्याकडे बघून हसत राहा आणि दाब.

अरुंधती : मागच्या खेपेला केलं होतं तसं. काय आलं? तुमचं धोतर आणि अर्धा नंदी. नाही. हा फोटो मला बघूनच घ्यायचा आहे.

जिजाबाई : काहून एवढी हट्टाले पेटली वं? गेल्या माघात काढला होता ना एक? बुवांनी नेला भिलाईले. मायी लेक प्रेमिला, थिच्या हाती दिला म्हने. झालं ना मंग. आता हा दुसरा कोनासाठी?

अरुंधती : मामा.

केशवबुवा : आधी फोटो होऊ दे.

जिजाबाई : काय होऊ दे? बुवा, काय झालं? माया पोरीले काही झालं काय?

केशवबुवा : नाही नाही. खुशाल आहे. जावयाला क्वार्टर मिळालं आहे, मोठं. दारात तुळस लावली आहे तिनं.

जिजाबाई : मंग तुमचं तोंड काहून उतरलं?

अरुंधती : मी सांगते. आजी, मागच्या फोटोतही तुम्ही अशाच वाकला होतात. तुमचं तोंड आलंच नाही. डोक्यावरचा पदर आला आणि जोडलेले हात.

जिजाबाई : अशीन. त्याच्यात काय?

केशवबुवा : त्याच्यात असं झालं, जिजाबाई... रामनवमीला माझं कीर्तन होतं तिकडे. प्रेमिला आली होती. मी फोटो दिला. तिनं तो दिव्याखाली नेला, आडवा धरला, उभा धरला. आणि मला म्हणाली, "बुवा, मायनं तोंड काहून लपवलं? अजूनही पाहाचं नाही काय मायाकडं?"

जिजाबाई : मंग? तुमी काय म्हनलं थिले?

केशवबुवा : मी सांगितलं तिला. म्हटलं, अगं, हा कॅमेऱ्याचा घोटाळा आहे. फोटो काढणारी वाकली म्हणून तुझी आई वाकली. तर म्हणते, "बुवा, तुमी कीर्तनकार. तुमाले गोड बोलता येते." काय करू सांग. जन्मभर लोकांना गोड सांगत आलो, आणि खरं सांगायची पाळी आली तेव्हा कोणी विश्वास ठेवीना.

जिजाबाई : मी लपवलं? मी?

अरुंधती : म्हणून तर आले मी. साप्ताहिकासाठी नाही. त्यांची माणसं मला कुठंही मिळतील.

जिजाबाई : तोंड तर थिनं लपवलं. जायाच्या दिवशी सांगतलं नाही मले. दुसऱ्या जातीचा होता पोरगा, तर सांगाचं होतं. मी ओरडली असती, आदळआपट केली असती. चार दिस नसती बोलली. पन सांगाचं ना! मले शेजारच्या सिंधूकडून कळावं, का तुयी पोरगी रायपूरच्या गाडीत बसली?

केशवबुवा : खरं आहे.

जिजाबाई : तवापासून पाय नाही ठेवला उंबऱ्यात.

केशवबुवा : तू बोलावलंस कधी?

जिजाबाई : आपल्या घरी येवाले बोलवावं लागते काय?

केशवबुवा : रागात निघालेल्याला लागतं, बाई. देवालाही आपण रोज बोलावतो. तो तर रागावलेलाही नसतो.

जिजाबाई : इथं कीर्तन नका करू बुवा. रात्री करा. रात्री ऐकतो मी.

अरुंधती : आजी, मग गेल्या वर्षी फोटो कशाला काढू दिलात?

जिजाबाई : काहून म्हंजे? थिनं पाहावं म्हनून. माय कशी झाली, केस कसे पांढरे झाले... पाहावं ना पोरीनं.

अरुंधती : तेच तिला दिसलं नाही.

जिजाबाई : मंग काढ बाई. काढ एकदाचा. मी नाही वाकत आता.

अरुंधती : नक्की?

जिजाबाई : विठ्ठलाच्या पायाची आन.

अरुंधती : हं. बघा इकडे. मी बघते काचेत...

केशवबुवा : जिजाबाई!

जिजाबाई : मी काय करू बुवा! मान आपोआप जाते. साठ वर्साची सवय हाय. हातही जुळले पाहा, मले कळलंही नाही.

अरुंधती : दाबला नव्हता मी. अंदाज होता मला. पण आता एकच राहिला आहे रिळात. आणि ऊन देवळामागे चाललं.

केशवबुवा : थांब जरा. जिजाबाई, रात्री मी कीर्तनाला उभा राहतो. माझ्यापेक्षा वयानं मोठी माणसं येऊन पाया पडतात. मी उलट वाकतो काय?

जिजाबाई : तुमी काहून वाकान? तुमी तिथं नारदाच्या जागी.

केशवबुवा : म्हणजे तो नमस्कार केशवला नसतो. केशव तिथं फक्त उभा. खाली उतरलो की मी तुझ्या पाया पडतो. पण गादीवर असेपर्यंत मान वर.

जिजाबाई : मंग मले नारद करता काय? पाप लागन मले.

अरुंधती : नाही आजी, तुम्ही तुमच्याच जागी बसा. जागा मी बदलते. मामा, भिलाईहून निघताना तिनं काय केलं होतं? ते सांगा ना.

केशवबुवा : ते सांगायलाच तर आलो. जिजाबाई, प्रेमिला माझ्या पाया पडली. उठली, आणि पुन्हा पडली. म्हटलं, एकदा झाला ना गं? तर म्हणते, "एक तुमचा. हा दुसरा मायचा. पोचवान काय?"

जिजाबाई : थे म्हनली? एवढी रागावली असून?

केशवबुवा : एवढी रागावली असून.

जिजाबाई : न् तुमी आल्याबरोबर नाही सांगतलं!

केशवबुवा : निरोप सांगता येतो. नमस्कार सांगता येत नाही, तो करावा लागतो. मी तुझ्यापुढे वाकलो असतो तर तू काय केलं असतंस?

जिजाबाई : ...वाकली असती.

केशवबुवा : परत पाठवला असतास, न घेता.

अरुंधती : म्हणून आता मी करते तो. आजी, मी काचेत बघायला मान खाली घालीन ना, ती माझी नाही. प्रेमिलाची. लेक वाकली तर आई उलट वाकते काय?

जिजाबाई : लेकीपुढं कोन वाकते वं! लेकीच्या डोक्यावर हात ठेवा लागते.

अरुंधती : मग ठेवा.

जिजाबाई : हात ठेवला म्हंजे... सरलं मंग सारं. मंग रुसता येत नाही.

केशवबुवा : ते मात्र खरं.

जिजाबाई : तुमचं काय जाते म्हनाले. एवढी वर्सं मी इथं एकटीनं मिरचीचे देठ खुडले.

अरुंधती : घाई नाही आजी. गेलं ऊन तर उद्या सकाळी काढू. मी थांबते. नको वाटला तर नाहीच काढायचा.

जिजाबाई : उद्या कायले? उद्या सकाळी मन फिरलं तर? बस तिथंच, हलू नको. बुवा, तुमी बाजूले सरा, सावली पडून राहिली तुमची. न् मिरचीवर पाय देऊ नका.

केशवबुवा : हा सरलो.

जिजाबाई : पदर ठीक हाय काय वं? मांगं घेऊ थोडा? केस दिसू दे थिले.

अरुंधती : घ्या थोडा मागे. बस, बस. छान. डोळे पुसायचे तर पुसून घ्या.

जिजाबाई : मिरचीनं आलं पानी. राहू दे.

अरुंधती : मी वाकते आता.

केशवबुवा : मान वर, जिजाबाई.

जिजाबाई : वरच हाय. तुमी बोलू नका मधात.

अरुंधती : आजी, दिसताय तुम्ही. पूर्ण दिसताय. हात थोडा पुढे... अस्सा. दाबू?

जिजाबाई : जेवली काय वं, प्रेमिला?