मोहसीन पुण्याला गेलेला नाही

मी सोमाजी इसरू देवगडे, वय ७२ वर्षे, धंदा शेती, त्याआधी धान संशोधन केंद्रात मजूर, शिक्षण चौथी, राहणार जुनी वस्ती, सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर. आज बुधवारी दुपारी मी स्वतःहून पोलीस ठाण्यात आलो आहे आणि समक्ष सांगतो की, मला यायला उशीर झाला. सोमवारी संध्याकाळीच यायला पाहिजे होते, फार तर मंगळवारी सकाळी. त्याबद्दल आधी माफी मागतो. उशीर का झाला ते पुढे सांगतो. माझ्याकडून काही गाळले गेले तर साहेबांनी विचारावे.

मी वरील ठिकाणी पत्नी रुखमासह राहतो. मुलगी लग्न होऊन सावलीला असते. नहराच्या म्हणजे कालव्याच्या पुलापलीकडे जंगलाला लागून माझे धानाचे शेत आहे, त्याला आम्ही बांधी म्हणतो. हलका धान कापून झाला आहे. उशिरा येणारा भारी धान अजून उभा आहे, माणूस आत बसला तर दिसत नाही इतका उंच आहे.

आमच्या घराजवळ वाजिद शेख यांचे जपानी शेवयांचे हॉटेल आहे. पाटीवर रामेन असे लिहिले आहे, पण वस्तीत सगळे वाजिदच्या शेवयाच म्हणतात. वाजिद बरीच वर्षे पुण्याला जपानी हॉटेलात सैपाकी होता. करोनात तो परत आला आणि इथेच राहिला. हॉटेलाला लागून त्याचे वडील गुलाम रसूल यांचे कोंबडीचे दुकान आहे. मांस विकून उरलेली हाडे, माना, पाय वाजिद सकाळपासून मोठ्या गंजात उकळत ठेवतो. संध्याकाळपर्यंत ते पाणी दुधासारखे पांढरे होते. त्यात शेवया, अर्धकच्चे अंडे आणि पातीचा कांदा टाकून देतो. मला आणि रुखमाला दात नाहीत, त्यामुळे ते आम्हाला जमते. दर सोमवारी आम्ही तिथेच जेवतो. ‘म्हातारी माणसं तुम्ही, तिथं कायले जाता?’ असे हवालदार बाईंनी विचारले म्हणून हे सांगितले.

त्या गंजातली उकळून मऊ झालेली हाडे रोज एक डब्बा निघतात. भिंतीच्या रंगाचा रिकामा झालेला, निळा प्लास्टिकचा मोठा डब्बा आहे. तो गावाबाहेर कचऱ्याच्या जागी नेऊन पुरायचा असे वाजिदने ठरवले होते. ते काम त्याचा धाकटा भाऊ मोहसीन, वय अंदाजे २५, याच्याकडे होते. परंतु मोहसीन डब्बा तिकडे नेत नव्हता. तो माझ्या बांधीत आणत होता. मीच त्याला तसे सांगितले होते. केंद्रात असताना हाडांच्या खताने धान कसा भरतो ते मी पाहिलेले आहे. उकळलेले हाड काठीनेही चुरते. म्हणून मी बांधीच्या कडेला, धुऱ्याजवळ, खड्डा करून ठेवला होता. मोहसीनला बांधी जवळ पडत होती आणि मला खत मिळत होते. ही गोष्ट मला, मोहसीनला व रुखमाला सोडून कोणाला माहीत नाही. वाजिदलाही माहीत नाही.

पुलाजवळ वनखात्याची पाटी आहे. कोंबडीचा, मांसाचा कचरा उघड्यावर टाकू नये, टाकणाऱ्यावर कारवाई होईल, असे तिच्यावर लिहिले आहे. ती पाटी मला वाचता येते.

सोमवारी साडेसहाच्या सुमारास मी व रुखमा हॉटेलात गेलो. बाहेर अंधार पडला होता. ऑटो चालवणारे दादाजी निकुरे आधीपासून बाकावर बसलेले होते. वाजिदने आमच्यापुढे वाडगे ठेवले व नेहमीप्रमाणे म्हणाला, ‘सोमाजीभाऊ, आवाज काढून पेजा. तिकडं आवाज नाई काढला तं सैपाक्याले वाटते का माल बिघडला.’

रुखमा म्हणाली, ‘ह्यायले शिकवा नाई लागत, बापू. घरी कढी पेते तं तिसऱ्या घरी आयकू जाते.’

सगळे हसले. तेवढ्यात मोहसीन मागच्या दाराने डब्बा घेऊन आला. डब्ब्याला वास होता. दादाजींनी नाकाला दुपट्टा लावला आणि म्हणाले, ‘काऊन रे मोहसीन, मूलच्या सोयऱ्यायनं तुले पायलं का नुसतं हुंगलं?’ आदल्या दिवशी मूल गावाहून मुलीकडचे लोक मोहसीनला पाहायला आले होते आणि नाही म्हणून गेले होते. हे वस्तीत सर्वांना कळले होते. दादाजी वाईट माणूस नाहीत, तोंडाने असे आहेत. लोक पुन्हा हसले. मीही हसलो.

मोहसीनने डब्बा खाली आपटला. दोघे भाऊ आपसात हिंदीत बोलतात. तो वाजिदला म्हणाला, ‘रोज मैंच हड्डी उठाऊं क्या? कल से तू देख. मैं जा रहा पुणे.’

वाजिद पाण्यातून शेवया काढत होता. त्याने मागे वळून पाहिले नाही. तो म्हणाला, ‘जा ना. कौन रोका तेरे को? जाते जाते डब्बा फेक के जा.’

मोहसीनने डब्बा उचलून आपल्या स्कूटीवर पायाजवळ ठेवला. मी त्याच्याकडे पाहिले, त्यानेही माझ्याकडे पाहिले. आज जाऊ नको, सकाळी नेजो, असे मला म्हणायचे होते. माझ्या तोंडात घास होता. तेवढ्यात वाजिदने माझ्या वाडग्यात आणखी एक पळी रस्सा ओतला. स्कूटी चालू झाल्याचा आवाज आला.

‘काऊन थांबले जी? पेऊन घ्या, थंडं होते,’ असे रुखमा म्हणाली.

मी पिऊन घेतले.

आज जाऊ नको असे मला का म्हणायचे होते, असे साहेबांनी विचारले. त्यावरून सांगतो की, दिवाळीनंतर एका सकाळी मी बांधीवर गेलो तेव्हा खड्डा उकरलेला होता. हाडे धुऱ्यावर पसरलेली होती. गावची कुत्री असतील असे मी मनाशी धरले. ओल्या चिखलात एक पाय उमटलेला होता. त्यावर मी माझा पंजा ठेवून पाहिला. नंतर फावड्याने तो चिखल सारखा केला. कोणत्या जनावराचा पाय, हे विचारू नये. आमच्याकडे घरी किंवा शेतात त्याचे नाव घेत नाहीत, आणि मला ते इथेही घ्यायचे नाही. कुत्र्याचा नव्हता इतके लिहावे.

हे मी मोहसीनला सांगितले नाही. सांगितले असते तर त्याने डब्बा आणणे बंद केले असते. मी त्याला फक्त म्हटले होते, ‘बापू, दिवस बुडाच्या आत येत जाय.’ तो म्हणाला, ‘काऊन भाऊ, भेव वाटते का?’ मी म्हटले, ‘नाई, दव पडते. सर्दी होईन.’ तेव्हापासून तो उजेडीच येत असे. सोमवारी मात्र त्याला डब्बा उचलायलाच अंधार झाला.

मंगळवारी सकाळी मी हॉटेलात गेलो. वाजिदने गंज चढवला होता. मोहसीन कुठे आहे असे विचारले. तो म्हणाला, ‘गेला नं पुण्याले. फोन बंद करून ठेवला नवाबानं. चार दिवस दुसऱ्याची भांडी घासन, मंग येते वापस.’ स्कूटी कुठे आहे असे विचारले. तो म्हणाला, ‘स्टेशनवर लावून गेला असन. मी नाई जात आणाले. ज्यानं लावली त्यानं आणावं.’ मग मी डब्बा कुठे आहे असे विचारले. वाजिदने इकडे तिकडे पाहिले. डब्बा नव्हता. तो हसायला लागला. ‘डब्बाबी घेऊन गेला का काय पुण्याले! तिकडं हाडं भेटत नाई का?’ समोर बसलेले दोघे जण हसले. मला हसू आले नाही.

पुण्याला जाणारा माणूस रिकामा डब्बा बरोबर नेत नाही. टाकून आला असता तर डब्बा मागच्या दारी उलटा ठेवलेला असता, तो तसा रोज ठेवतो. हे वाजिदच्या ध्यानात आले नाही, कारण तो रागात होता.

मी पायी स्टेशनला गेलो. तिथे झाडाखाली लोक गाड्या लावून जातात. मी सगळ्या गाड्या पाहिल्या, दोनदा पाहिल्या. मोहसीनची स्कूटी नव्हती. त्यानंतर मी नहराच्या पुलापर्यंत गेलो. आमचा कुत्रा घरापासून माझ्यासोबत होता. तो पुलाच्या अलीकडे बसला. मी हाक मारली तरी उठला नाही, शेपूट पोटाखाली घेतले. मी पुलावर उभा राहून मोहसीनला तीन-चार वेळा हाक मारली. आवाज मोठा निघाला नाही. पुलावरून माझी बांधी दिसते. तिथे काय दिसले असे साहेब विचारतात. मी त्या बाजूला पाहिले नाही. मी नहराच्या पाण्याकडे पाहत होतो. नंतर घरी आलो.

संध्याकाळी मी रुखमाला सगळे सांगितले. खड्ड्याजवळच्या पायाचेही तेव्हाच सांगितले. मी म्हटले, ठाण्यात सांगितले तर वनखात्याची केस होईल, बांधीवर नाव माझे आहे. ती म्हणाली, ‘तुमाले केसचा भेव हाये का पोट्ट्याचा?’ मी म्हटले, दोन्हीचा. ती म्हणाली, ‘मंग अगुदर पोट्ट्याचं सांगा.’ तरी मी काल आलो नाही. अंधार झाला होता असे मी तिला सांगितले. ठाणे रात्रीही उघडे असते हे मला माहीत आहे.

आज सकाळी वाजिदची आई सईदाबाई आमच्या घरी आल्या. त्यांनी सांगितले की, पुण्यातल्या वाजिदच्या दोस्ताला फोन केला होता, मोहसीन तिथे पोचलेला नाही. वाजिद म्हणतो दुसऱ्या कोणाकडे थांबला असेल. त्या मला म्हणाल्या, ‘सोमाजीभाऊ, तुमचं आयकते तो. तुमच्याकडं फोन आला तं म्हणजा, अम्मीनं दुसरी सोयरीक पायली, या बारीची पोरगी बरी हाये. एवढं आयकलं का येते तो.’ मी हो म्हटले. रुखमा आत निघून गेली. सईदाबाईंनी मला विचारले, ‘बाईले का झालं?’ मी म्हटले, डोळे आले आहेत.

माझे म्हणणे असे आहे की, मोहसीन पुण्याला गेलेला नाही. तो सोमवारी संध्याकाळी डब्बा घेऊन माझ्या बांधीवर गेला आणि तिथून परत आलेला नाही. गावात त्याला कोणी शोधत नाही, कारण तो रागाने गेला असे सगळे समजतात. त्याची स्कूटी, डब्बा जे काही असेल ते पुलापलीकडे उजव्या हाताला, मोहाच्या झाडापासून आत, माझ्या धुऱ्याजवळ पाहावे. एका माणसाला पाठवू नये. चार-पाच माणसे, वनखात्याचे लोक आणि मोठी गाडी पाठवावी. डफडे किंवा फटाके सोबत ठेवावे. दिवस मावळायच्या आत पाठवावे. वाट मी दाखवतो, गाडीत बसून दाखवतो, पण पुलाच्या पुढे मला पायी नेऊ नये. तो पडला असेल, पाय मोडला असेल, मचाणावर चढून बसला असेल, असेही होते. शेजारच्या गुरनुलेंच्या बांधीत मचाण आहे. तिथे आधी पाहावे.

मला इथे वाजिदनेच मोटारसायकलवर आणले. बँकेचे पासबुक हरवले, त्याची नोंद करायची आहे, असे मी त्याला सांगितले. तो बाहेर बाकावर बसलेला आहे. मघाशी त्याने खिडकीतून आवाज दिला, ‘भाऊ, पासबुकाचं एवढं कायचं लिवून राह्यले? मले गंज उतरवाचा हाये.’ साहेबांनी त्याला थांब म्हटले. त्याला अजून काही सांगितलेले नाही. तो डब्बा फेकून जा असे म्हणाला होता, हे जबाबात यायला नको होते, परंतु सगळे लिहावे लागते असे साहेब म्हणाले.

माझ्यावर जी केस व्हायची ती नंतर व्हावी, मी कुठे जात नाही. बांधीवर जे दिसेल ते मला लवकर कळवावे. मोहसीन कोणा दोस्ताकडे झोपलेला सापडला आणि मी म्हातारा उगाच घाबरलो असे निघाले, तर तेही लगेच कळवावे. मग लोक कितीही हसले तरी चालेल. माझा फोन रुखमाजवळ आहे, तो लागत नसेल तर कोणाला तरी घरी पाठवावे.

वरील मजकूर मी बोललो तसा हवालदार बाईंनी लिहून घेतला. खिडकी उघडी असल्याने वाचताना आवाज बारीक ठेवावा अशी मी विनंती केली. बाईंनी तो माझ्या कानाजवळ हळू वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही वाकडी आली आहे, ती माझीच आहे.

सोमाजी देवगडे