शेवटी अंगणात

इसवी सन २०२३च्या मार्चमधील एका दुपारी, कोथरूडच्या पुस्तक-प्रदर्शनात, पैसे भरण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या इम्तियाजच्या कानी मागचे बोलणे पडले. एक वृद्ध गृहस्थ अनोळखी तरुणीला पुस्तक दाखवीत होते.

“ही जपानी चित्रकथा माझ्या नातीची, शालूची. अशीच आणखी एखादी सुचवशील, बाळ?”

“अय्या, ही मांगा! धाकटी बहीण मरते तिथे मी ढसाढसा रडले होते. शालूला अजून काय आवडतं?”

“शालू दिवाळीत गेली गं. पण बहीण मरते कुठे? मी नुसती चित्रं पाहतो. आधी स्मशान, मग आजारपण, आणि शेवटी ती अंगणात खेळते.”

“अहो काका, ही उजवीकडून वाचतात. तुम्ही शेवटाकडून वाचलीत.”

“असं होय? म्हणजे शेवटी ती…”

इम्तियाजला मागे वळून पाहवेना. तरुणी म्हणाली,

“नाही, काका. तुम्ही वाचता तेच बरोबर आहे.”